बशी उलटी करण्याआधी

मंडळी, जुन्या फ्रेंच पोर्सिलेनच्या संग्राहकाच्या हाती बशी दिली की तो आधी ती उलटी करतो. मागे निळ्या रंगात एकमेकांत गुंतलेली दोन ‘एल’ दिसली की झालं त्याचं समाधान. ‘एल’ म्हणजे लुई, सेव्रचा राजाचा कारखाना. मधलं अक्षर वर्ष सांगतं. ‘ए’ म्हणजे १७५३. तेव्हा कारखाना अजून व्हॅन्सेनला होता, सेव्रला तो १७५६ साली आला.

माझा आक्षेप आहे तो या सवयीवर.

आता बघा. सेव्रचं सुरुवातीचं पोर्सिलेन मऊ जातीचं, त्यात केओलिन ही पांढरी माती नव्हती. ती लिमोजजवळ १७६८ साली सापडली, आणि मग कठीण पोर्सिलेन होऊ लागलं. पुढे क्रांती झाली. १८०० साली अलेक्झांद्र ब्राँनियार कारखान्याचे प्रमुख झाले. पडून राहिलेला कोरा, पांढरा मऊ माल त्यांनी विकायला काढला. पॅरिस-लंडनच्या रंगाऱ्यांनी असा माल घेतला, त्यावर राजाच्या काळातली फुलं-पाखरं रंगवली आणि खाली जुनं अक्षरही घातलं. इंग्लंडात जुन्या सेव्रचं वेड होतंच, गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही.

मग या बशीला खरी म्हणायचं की खोटी? माती खरी, कारखाना खरा, चित्र नंतरचं आणि तारीख चक्क खोटी. वर्ष कळावं म्हणून काढलेली खूणच फसवणुकीला सोयीची ठरली!

उत्तर असतं ते बशीच्या दर्शनी बाजूवर. क्रोमियमचा शोध वोकलँ यांनी १७९७ साली लावला. त्यामुळे १७६०च्या आसपासचं अक्षर आणि वर क्रोमचा हिरवा रंग, असं दिसलं की अक्षर लबाड. जुनी झिलई पुन्हा भट्टीत गेली की काळे ठिपके उठतात, तेही बघावेत.

आणि एक. मऊ पोर्सिलेनची झिलई शिशाची, सुरीनं सहज ओरखडते. बाजार त्या ओरखड्यांना दोष मानून भाव पाडतो. अहो, जेवणाच्या बशीत कुणी जेवलं होतं याची तीच तर साक्ष!

नंतर रंगवलेली बशी फेकून द्या, असं मी म्हणत नाही. क्रांतीत बुडालेल्या दरबाराची हौस पुढच्या पिढ्यांनी कशी विकत घेतली, ते ती सांगते. फक्त तिच्याखालच्या पाटीवर तसं लिहा. आणि बशी उलटी करण्याआधी जरा उजेडात धरून नीट बघा.