उजाड माळावरील वाडी आणि तिचे चरित्र

उद्योगघराण्यांच्या चरित्रांना आपल्या वाङ्मयविचारात फारसे स्थान मिळत नाही. शं. वा. किर्लोस्कर यांनी लिहिलेले लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र 'यांत्रिकाची यात्रा' पुन्हा हाती घेतले, तेव्हा ही उपेक्षा योग्य नव्हे असे आम्हांस वाटले.

कथा आमच्याच परिसरातली आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यास मुंबईस गेले. परंतु रंगांधळेपणामुळे कुंचला सुटला आणि यंत्र हाती आले. बेळगावात प्रथम सायकलींचे दुकान, पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर, अशी वाटचाल झाली. नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास लावली, तेव्हा औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाचा माळ व १०,००० रुपयांचे कर्ज दिले. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली.

चरित्रकार हे लक्ष्मणरावांचे पुतणे आणि १९२० साली वाडीतूनच निघालेल्या 'किर्लोस्कर खबर' मासिकाचे संपादक. म्हणजे गाव वसविणारे घराणे आणि गावाची कथा सांगणारे घराणे एकच. या जवळिकीने चरित्रास जिव्हाळा लाभतो. परंतु घरच्या माणसाच्या साक्षीवर वाचकाने आपली जबाबदारी सोपवून चालत नाही.

आमच्या सांबऱ्याच्या वर्गात 'वाडी कशामुळे उभी राहिली?' असे विचारले, की 'चिकाटीमुळे' हे एकच उत्तर येते. ते खोटे नाही, अपुरे आहे. चिकाटी तर लक्ष्मणरावांपाशी बेळगावातही होती. नव्हती ती पायाखालची जमीन. ती एका संस्थानिकाने दिली. रामूअण्णांसारखे वडील बंधू, शंभुराव जांभेकरांसारखे सहकारी आणि भट्टीपुढे घाम गाळणारे कामगार नसते, तर त्या माळावर निवडुंगच राहिला असता.

थोर पुरुषाचे चरित्र वाचून नमस्कार करणे सोपे. त्यातून गाव कसे घडते हे शोधणे कठीण. शिक्षकांनी हे दुसरे काम पत्करावे. ज्या शहराने या माणसास जागा नाकारली, त्याच्या शेजारी राहून 'किर्लोस्कर आमचे' असा अभिमान आम्ही मिरवितो. तो मिरविण्यापूर्वी, आज आपल्या गावात अशी धडपड करणाऱ्यास आपण जागा देतो काय, हे स्वतःस विचारावे. त्या चरित्राचे खरे वाचन तेथूनच सुरू होते.