जठरात थांबणारी औषधे : तरंगण्यापलीकडचा प्रश्न

गिळलेली गोळी जठरात किती वेळ राहणार, हे गोळीपेक्षा पोटाच्या हालचालींवर अधिक अवलंबून असते. उपाशीपोटी दर 90 ते 120 मिनिटांनी आकुंचनांची जोरकस लाट येते आणि उरलेसुरले लहान आतड्यात लोटते. लेव्होडोपा, मेटफॉर्मिन यांसारखी औषधे मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषली जातात. तो भाग मागे पडला की राहिलेली मात्रा बरीचशी वाया जाते. म्हणून औषध जठरात अडवून ठेवायचे आणि तिथून थोडे थोडे सोडायचे, अशी ही कल्पना.

भारतातील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांत तरंगणाऱ्या गोळीवर फार काम झाले आहे. एचपीएमसी हा फुगणारा पॉलिमर आणि खाण्याचा सोडा औषधात मिसळून गोळी दाबतात. आम्लात सोड्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड जेलमध्ये अडकतो आणि गोळी वर येते. रॅनबॅक्सीची दिवसातून एकदा घ्यायची सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी याच तत्त्वावर बाजारात आली. दुसरी वाट गोळी फुगवून जठराच्या निर्गमद्वारापेक्षा मोठी करण्याची. तिसरी श्लेष्मल आवरणाला चिकटण्याची; पण ते आवरणच सतत झडत असल्याने पकड टिकत नाही. चौथी घडी उलगडण्याची. एमआयटीच्या संशोधकांची ताऱ्याच्या आकाराची रचना 2016 मध्ये डुकरांच्या जठरात सुमारे दोन आठवडे टिकली. उलट, पार्किन्सनसाठीची ‘अ‍ॅकॉर्डियन पिल’ 2019 मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या मानवी चाचणीत मुख्य उद्दिष्ट गाठू शकली नाही.

या क्षेत्राची दुखरी बाजू चाचणीत आहे. 37 अंश सेल्सिअसच्या 900 मिलिलिटर आम्लात गोळी बारा तास तरंगली, तरी बीकरला ना आकुंचने असतात ना निर्गमद्वार. माणसात गोळी थांबते ती बव्हंशी जेवणामुळे. रिकाम्या पोटी किंवा आडवे झाल्यावर तरंगण्याचा फायदा घटतो.

हळदीतील कर्क्युमिन हा या तंत्राची मर्यादा दाखवणारा नमुना आहे. ते आम्लात टिकते, पण उदासीन बफरमध्ये अर्ध्या तासात सुमारे 90 टक्के विघटित होते. एवढ्यावरून जठर हेच त्याचे योग्य ठिकाण वाटते. मात्र आम्लात ते जवळजवळ विरघळतच नाही. जे शोषले जाते, त्याचेही आतड्याची भिंत आणि यकृत झपाट्याने रूपांतर करतात. गोळी तरंगवल्याने यातली एकही अडचण सुटत नाही. विद्राव्यता आधी वाढवावी लागते, किंवा जठरातच काम करायचे असेल तेवढ्यापुरता या तंत्राचा उपयोग मानावा लागतो.

म्हणून नव्या गोळीची तुलना साध्या दीर्घप्रभावी गोळीशी, तीही जेवणानंतर दिलेल्या, व्हायला हवी. उपाशी आणि भरल्या पोटी घेतलेली गॅमा-चित्रे व रक्तातील औषधाची पातळी एकत्र मांडली, तरच गोळी थांबल्याचा आणि थांबल्याने फायदा झाल्याचा, असे दोन्ही दावे वेगवेगळे तपासता येतात.