मार्गदर्शन आणि पाठराखण

कमला सोहोनी यांच्या चरित्रात १९३३ सालचा बंगलोरचा प्रसंग आवर्जून सांगितला जातो. मुंबई विद्यापीठाच्या या पदवीधर युवतीस भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारण्यात आला. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दिलेले कारण, अर्जदार स्त्री आहे, एवढेच. त्या हटल्या नाहीत व प्रवेश मिळाला. चरित्रलेखक येथे जिद्दीचा गौरव करून पुढे सरकतात. वस्तुतः थांबावयास हवे ते येथेच. पहिले वर्ष परीक्षाधीन राहावयाचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावयाचे, आणि पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होऊ द्यावयाचे नाही, अशा अटी होत्या. परक्याच्या चित्ताचा भार विद्यार्थिनीवर टाकणारी ही शेवटची अट लिहिणारास विचित्र वाटली नाही, हे विशेष!

श्रीनिवासय्या यांच्यासारखा कडक परंतु उत्तेजन देणारा गुरू त्यांना लाभला, हे खरे. तथापि मार्गदर्शन प्रयोगशाळेत होते. पाठराखण होते ती शिष्य जेथे उपस्थित नसतो त्या समितीच्या बैठकीत. वनस्पतींतील सायटोक्रोम-सी वरील कार्याबद्दल १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळविणाऱ्या या विदुषीस मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र अंतर्गत राजकारणामुळे विलंबाने मिळाले. रामन यांच्याच प्रयोगशाळेत पुढे ॲना मणी यांनी पाच शोधनिबंध एकटीच्या नावे प्रसिद्ध केले, एम. एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. दार उघडले, एवढ्याने वाट मोकळी झाली असे मानणे भाबडेपणाचे होय.

या बैठकीतील भाषेचा पुरावा शिफारसपत्रांत सापडतो. फ्रान्सिस ट्रिक्स व कॅरोलिन सेंका यांनी २००३ साली एका अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयातील तीनशेहून अधिक पत्रे तपासली. स्त्रियांविषयीची पत्रे सरासरीने आखूड होती, त्यांत शंका सुचविणारी वाक्ये अधिक होती. स्त्रीचे ‘अध्यापन’ व पुरुषाचे ‘संशोधन’ असा शब्दभेदही आढळला. पत्र लिहिणारे सारे हितचिंतकच होते.

मराठीतील अशा पत्रांची छाननी कोणा साहित्याभ्यासकाने अवश्य करावी. भिवापूरहून नागपूरच्या विद्यापीठात येणाऱ्या मुलीच्या घरी प्राध्यापकांची ओळख असण्याचा संभव थोडा. तिच्याविषयी निवडसमितीपुढे जाते ते बहुधा हेच एक पत्र. आणि त्यात ‘सुशील, कष्टाळू, नियमित’ एवढेच लिहिलेले असेल, तर तिच्या प्रबंधात काय आहे हे त्या बैठकीत कोणासच कळत नाही.