परतीच्या वेळचे हॉटेल

हॉटेलांची छायाचित्रे कोणी राहायला येण्याआधी काढलेली असतात. पांढरी चादर ताणून बसवलेली, उशा भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या, खिडकीतून ऊन आत आलेले आणि खोलीत एकही माणूस नाही. खोली सुंदर दिसते, यात शंका नाही. पण मुलाबाळांना घेऊन मनोरंजन उद्यानाला आलेल्या कुटुंबाला ती या रूपात फार तर दहा मिनिटे भेटते. त्यांची आणि हॉटेलची खरी गाठ पडते ती संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. दिवसभर पाण्यात खेळून बोटांना सुरकुत्या पडलेल्या असतात, केसांना क्लोरीनचा वास येत असतो. धाकटा खांद्यावर झोपलेला असतो. थोरलीला भूक लागलेली असते, पण काय हवे ते तिला सांगता येत नाही. आजीचे गुडघे कुरकुरत असतात आणि कोणाच्या तरी हातात ओल्या कपड्यांची ठिबकणारी पिशवी असते. त्या वेळी या सगळ्यांना कुठेही न अडवता आत घेणारे हॉटेल मला संगमरवरी लॉबीच्या हॉटेलापेक्षा कितीतरी देखणे वाटते. त्याचे हे देखणेपण बारकाईने पाहण्याजोगे आहे.

दिल्लीत ही गरज तशी अलीकडची. 1982 च्या आशियाई खेळांचा शुभंकर असलेल्या हत्तीच्या पिल्लाच्या नावाने 19 नोव्हेंबर 1984 रोजी प्रगती मैदानात अप्पू घर सुरू झाले, तेव्हा ते ऐन शहरात होते. महाराष्ट्रातून आलेले कुटुंब सरोजिनीनगरला कोणा मावशीच्या सरकारी क्वार्टरमध्ये किंवा पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात उतरायचे. अप्पू घर पाहून रात्री बसने परत यायचे, आणि मावशीकडे आमटी-भात तयार असायचा. 2008 मध्ये अप्पू घर बंद झाले. त्या जागेवर सर्वोच्च न्यायालयाची नवी इमारत उभी राहिली. दरम्यान पाळणे, घसरगुंड्या आणि लाटांचे तलाव शहराच्या कडेला सरकले होते. रोहिणीत ॲडव्हेंचर आयलंड झाले, नोएडात सेक्टर 38 ए मध्ये ग्रेट इंडिया प्लेस मॉलला लागून वर्ल्ड्स ऑफ वंडर झाले. सरकारी क्वार्टरमधली मावशीही निवृत्त होऊन पुण्याला परतली. तिची जागा आता हॉटेलाला घ्यावी लागते, म्हणून हॉटेलाकडे पाहताना मी मावशीची मापे लावतो.

सुरुवात अंतरापासून करावी. नकाशा नोएडाचे हॉटेल उद्यानापासून ‘आठशे मीटर’ दाखवतो, पण हे आठशे मीटर सरळ रेषेचे असतात. उद्यान आणि मॉल रस्त्याच्या एका अंगाला, सेक्टर 18 चा बाजार दुसऱ्या अंगाला आणि मधोमध वरून मेट्रो जाते. सहापदरी वाहतुकीतून झोपलेले मूल घेऊन रस्ता ओलांडणे आणि मेट्रो स्थानकाच्या पादचारी पुलावरून जाणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेव्हा हॉटेल नुसते जवळ असून भागत नाही. ते पुलाच्या योग्य टोकाला असलेले हवे. ई-रिक्षा दारापर्यंत येते की गल्लीच्या तोंडाशी सोडते, हेही विचारावे. घरापासून हॉटेलापर्यंतची वाट मेट्रोने फार सोपी केली आहे. 2018 पासून मजेंटा मार्गिका विमानतळाच्या टर्मिनल 1 वरून थेट बोटॅनिकल गार्डनला येते, आणि तिथून उद्यानाचा परिसर हाकेच्या अंतरावर आहे. तीन फुटांपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मोठ्यांबरोबर तिकीट लागत नाही. रेल्वेने येणाऱ्यांनी शक्य असेल तर नवी दिल्लीऐवजी हजरत निजामुद्दीनला उतरावे. मुंबईची ऑगस्ट क्रांती राजधानी आणि पुण्यावरून येणारी गोवा एक्सप्रेस तिथेच थांबतात, आणि तिथून नोएडा बरेच जवळ पडते.

निजामुद्दीनच्या बाहेर पडताच सराय काले खान लागते. दिल्लीत अशी सराय-नावे जागोजागी आहेत, आणि प्रवासी कुटुंबाला उतरवून घेण्याची कला या शहराने साडेतीनशे वर्षांपूर्वीच फार उंचीला नेली होती. शाहजहानची मुलगी जहांआरा हिने चांदणी चौकात बांधलेली सराय फ्रान्स्वा बर्निए या फ्रेंच वैद्याने पाहिली होती. 1663 च्या पत्रात त्याने ती मोठ्या कौतुकाने वर्णिली आहे. मोठा चौक, चारी बाजूंनी कमानी, कमानींच्या आत खोल्या, वर सज्जा. रात्री दरवाजा बंद झाला की आतला माणूस निर्धास्त. पॅरिसमध्ये अशा इमारती असत्या तर किती बरे झाले असते, असेही त्याने लिहिले. 1857 नंतर ती सराय पाडली गेली आणि त्या जागी टाउन हॉल आला. पण तिची मांडणी समजून घेण्यासारखी आहे. वरच्या सज्ज्यात बसलेल्या बाईला चौकात खेळणारे मूल दिसायचे, आणि रात्री चौकाचे दार बंद व्हायचे. कुटुंबाला राहायला जागा द्यायची तर याहून अधिक काय द्यायचे? आजच्या हॉटेलात चौकाची जागा लॉबीने घेतली आहे. म्हणून मी लॉबीत गेल्यावर झुंबराकडे पाहण्याऐवजी तिथे बसून दार दिसते का ते पाहतो. दारातून थेट गाड्यांच्या रस्त्यावर पाऊल पडते की मध्ये पायऱ्या, ओटा, एखादा पहारेकरी आहे? भिंतीला लागून एखादा लांब बाक आहे का? खोली मिळेपर्यंत आजीला टेकायला आणि मुलाला आडवे व्हायला त्या बाकाइतकी मोलाची वस्तू दुसरी नाही.

मग काउंटरवरचा प्रश्न येतो : ‘बच्चे कितने साल के हैं?’ या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. 1951 मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस गावचा केमन्स विल्सन हा बांधकाम व्यावसायिक बायको आणि पाच मुलांना घेऊन राजधानी वॉशिंग्टन पाहायला निघाला. वाटेतल्या मोटेलांनी दर मुलामागे दोन-दोन डॉलर जास्त घेतले. तो इतका संतापला की परतल्यावर स्वतःच मोटेल बांधायला निघाला. 1952 मध्ये पहिले हॉलिडे इन उघडले. आईबापांच्या खोलीत मुलांना वेगळे भाडे नाही, हे त्याचे वचन होते. आज जगभरची हॉटेले मुलांबाबत जी सवलत देतात तिच्या मुळाशी एका बापाचा हा राग आहे, आणि तो मला फार आपला वाटतो. आपल्याकडे मात्र वयाची रेघ हॉटेलागणिक बदलते. कुठे पाच, कुठे सहा, कुठे बारा. फुकट राहण्यात गादी धरलेली असते की नाही, नाश्ता धरलेला असतो की नाही, हे लिहून घेतलेले बरे. हॉटेल कुटुंबाचे आहे की नाही ते काउंटरवरच्या माणसाच्या पुढच्या वाक्यात कळते. मुलांची वये ऐकून त्याने भाड्याऐवजी गादीचा विषय काढला, कोपऱ्यातली खोली देऊ का विचारले, लिफ्टपासून दूरची खोली सुचवली, तर समजावे की इथे मुले येऊन गेली आहेत.

वर जाताना लिफ्ट असली तरी मी एकदा जिन्याने जातो. 12 फेब्रुवारी 2019 च्या पहाटे करोल बागेतल्या अर्पित पॅलेस हॉटेलला आग लागली आणि 17 माणसे गेली. झोपलेल्या मुलाला उचलून, अंधारात, धुरात या जिन्याने खाली उतरता येईल का, हे ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी पाहावे. जिना मोकळा असावा, त्यावर चादरींचे गठ्ठे आणि मोडक्या खुर्च्या नसाव्यात, खालचे दार कुलूपबंद नसावे. ज्या हॉटेलाचा मागचा जिना स्वच्छ आहे त्याचे स्वयंपाकघरही बहुधा स्वच्छ असते, असा माझा अनुभव आहे.

आता खोली. आणि खोलीत मला सर्वांत अधिक वेळ न्हाणीघरात घालवावासा वाटतो, कारण परतलेल्या कुटुंबाचा पहिला तास तिथेच जातो. सेक्टर 18 च्या आतल्या रस्त्यावर एक मध्यम प्रतीचे हॉटेल आहे. त्याच्या न्हाणीघरात काचेचा शॉवर आहेच, शिवाय बादली, मग आणि एक बुटके प्लास्टिकचे स्टूल ठेवलेले असते. त्या स्टुलावर आजी बसून अंघोळ करू शकते, आणि आईला त्यावर बसून मुलाचे डोके धुता येते. टब असता तर आजीला त्याची कड ओलांडून आत जाणे जमले नसते. फरशी खरखरीत आहे. उंबरठा जेमतेम बोटभर उंच आहे, म्हणजे पाणी खोलीत येत नाही आणि कोणाला ठेचही लागत नाही. दारामागे खुंट्यांच्या दोन ओळी आहेत : एक मोठ्यांच्या हाताला येणारी, दुसरी चार वर्षांच्या मुलाच्या. ही खालची ओळ ज्याने ठोकायला सांगितली त्या माणसाविषयी मला मनापासून आदर आहे. मुलाला स्वतःचा टॉवेल स्वतः टांगता येतो आणि लगेच खोलीचा एक तुकडा त्याचा होतो. भिंतीत गुंडाळून ठेवलेली दोरी ओढली की समोरच्या आकड्याला अडकते. जलउद्यानात नायलॉनचे पोहण्याचे कपडे लागतात, ते पिळून त्या दोरीवर टाकले की पंख्याच्या वाऱ्याने सकाळपर्यंत वाळतात. दिव्याच्या बटणांतही तोच विचार दिसतो. पुष्कळ हॉटेलांत एक बटण दाबले की सगळी खोली न्हाणीघरासकट काळोखात बुडते, आणि रात्री पाणी मागत उठलेले मूल घाबरून रडू लागते. इथे पलंगाखाली, पावलांच्या उंचीवर, एक मंद दिवा वेगळा जळत राहतो.

पलंगाचे थोडक्यात. दोन एकेरी पलंग जोडून केलेल्या डबलबेडला मधे फट असते आणि मूल नेमके त्या फटीत जाते. पलंग भिंतीला सरकवता येत असेल तर उत्तम. जमिनीवर घातलेली जादा गादी मुलांना पलंगापेक्षा अधिक आवडते.

झोपेचा खरा शत्रू दिल्लीत खाली, तळमजल्यावर असतो. दिवाळीनंतर देवउठनी एकादशी झाली की लग्नांचा मोसम उघडतो, आणि नोएडा-गुरुग्रामच्या पुष्कळ हॉटेलांचे पोट बँक्वेट हॉलवर भरते. बँड, घोडी, ढोल आणि मग डीजे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम आहे, पण वरात वेळेवर निघाली तर ती दिल्लीची वरात कसली! खोली ठरवताना ‘त्या तारखेला तुमच्याकडे लग्न आहे का?’ एवढे अवश्य विचारावे. असेल तर हॉलच्या विरुद्ध अंगाची, वरच्या मजल्यावरची खोली मागून घ्यावी. मुलांना मात्र घोडीवरचा नवरदेव जरूर दाखवावा.

जेवणाची परीक्षा वेळेने होते. दिल्लीचे रात्रीचे जेवण उशिराचे. मुलांना भूक लागते सातला, आणि तेव्हा पुष्कळ उपाहारगृहांत टेबले नुकती पुसली जात असतात. अशा अवेळी जे स्वयंपाकघर बिनफोडणीचे पिवळे वरण, साधा भात आणि ताजे दही वीस मिनिटांत खोलीवर पाठवते ते मावशीच्या जवळ जाणारे. दाल मखनी मोठ्यांनी नंतर सावकाश खावी. ती दिल्लीइतकी चांगली दुसरीकडे मिळत नाही. बिलात सेवाशुल्क परस्पर लावलेले असेल तर ते नम्रपणे काढायला सांगावे. 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना तेच म्हणतात आणि 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. वाचलेले पैसे दही आणणाऱ्या मुलाच्या हातावर ठेवावेत.

ऋतूची अडचण मोठी आहे. आपल्या शाळांची सुटी मे महिन्यात, जेव्हा दिल्लीत पारा चाळिसाच्या वर जातो आणि दुपारी लू वाहते. दिवाळीच्या सुटीत हवा धुरकट आणि डोळे चुरचुरणारी असते. डिसेंबरअखेर धुक्यात गाड्या रखडतात. म्हणजे आपण ज्या दिवसांत जाऊ शकतो त्या दिवसांत अर्धी सहल खोलीतच होणार, हे धरून चालावे. वीज गेल्यावर जनरेटरवर वातानुकूलन चालते की फक्त दिवे, खिडकी नीट बंद होते का, जमिनीवर पत्ते मांडायला जागा उरते का, या गोष्टी मग तरणतलावापेक्षा महत्त्वाच्या ठरतात. माझी पसंती मार्चच्या शेवटच्या आठवड्याला आहे. शाळेत परीक्षा आटोपलेली असेल तर ते दिवस सोडू नयेत. पाणी सोसवते, झाडांना नवी पालवी असते आणि सकाळी मेट्रोच्या ब्लू लाइनने अक्षरधामला जाऊन दुपारी परतता येते.

राहिला निघण्याचा दिवस. खोली बाराच्या सुमारास सोडायची, आणि गाडी मात्र संध्याकाळची. मधल्या तासांचे भाडे हॉटेलाला मिळालेले नसते, म्हणून ते तास हॉटेल कसे देते याकडे माझे बारीक लक्ष असते. त्याच सेक्टर 18 च्या हॉटेलात सामानाच्या खोलीशेजारी एक लहानसे न्हाणीघर निघणाऱ्या पाहुण्यांसाठी मोकळे ठेवलेले आहे. बॅगा चिठ्ठी लावून ठेवून घेतात, वाटेसाठी दहीभाताचा डबा भरून देतात, त्याचे पैसे योग्य तेवढेच घेतात. खोली ठरवण्याआधी फोनवर इतर काही विचारायला वेळ नसेल, तर एवढेच विचारावे की चेक-आउटनंतर मुलांना हातपाय धुऊन कपडे बदलायला जागा मिळेल का. पलीकडचा माणूस क्षणभरही न थांबता ‘हां जी, क्यों नहीं’ म्हणाला, तर पैसे भरून टाकावेत.