मराठी शिकारलेखनातील बंदूक : वापर, मालकी आणि संग्रह

मराठीतील शिकारविषयक गद्य वाचताना एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. वाऱ्याची दिशा, पाणवठ्यावरचे माग, हाकाऱ्यांचा गलका, जनावराची चाल, बार निघाल्यानंतरची शांतता या साऱ्यांचे बारकावे तेथे असतात. पण बार ज्या हत्यारातून निघतो ते हत्यार बहुधा अनामिक राहते. 'बंदूक' एवढा शब्द लेखकाला पुरतो. फार तर ती बारा बोअरची आहे, दोननळी आहे किंवा ठासणीची आहे, एवढे कळते. ती कोठे घडली, घरात कोणाकडून आली, तिचा चाप हलका की जड, हे प्रश्न लेखकाला पडत नाहीत आणि वाचकालाही पडत नाहीत. मराठी समीक्षेने या लेखनाचा विचार निसर्गचित्रण, अनुभवाची अस्सलता व ललितगद्याची शैली या अंगांनी केला; हत्यार समीक्षेच्याही दृष्टीबाहेर राहिले. हे मौन केवळ दुर्लक्षातून आलेले नाही, त्यामागे मालकीचा एक विशिष्ट इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. धाराशिव परिसराच्या संदर्भात तो इतिहास अधिक स्पष्टपणे वाचता येतो.

तुलनेसाठी दुसऱ्या टोकाचे उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. अमेरिकेत जुन्या शिकारी रायफलींचा संग्रह हा एक प्रस्थापित छंद आहे आणि त्यात पंप-ॲक्शन रायफलींचा चाहतावर्ग वेगळा आहे. या रायफलीत नळीखालचा लाकडी दांडा मागे ओढून पुढे ढकलला की रिकामे काडतूस बाहेर पडते व नवे आत चढते. नेम धरलेला डोळा हलवावा लागत नाही. कोल्ट कंपनीची 'लाइटनिंग' १८८४ मध्ये बाजारात आली. ब्राउनिंग बंधूंच्या आराखड्यावरून विंचेस्टरने काढलेली १८९० ची छोट्या बोअरची रायफल आठ लाखांहून अधिक संख्येने विकली गेली. जॉन पेडरसन यांनी रेमिंग्टनसाठी रचलेले 'मॉडेल १४' हे १९१२ चे. त्याच्या काडतुसांच्या नळीला पीळ दिलेला आहे. नळीत काडतुसे एकामागे एक बसतात. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आदळून स्फोट होऊ नये, यासाठी ती योजना. रायफलीच्या अंगावर काडतुसाचे पितळी बूड जडवलेले असते, त्यावरून तिचा बोअर कळतो. पुढे १९३५ मध्ये 'मॉडेल १४१' आणि १९५२ मध्ये 'मॉडेल ७६०' आले. पेनसिल्वेनियात स्वयंभरण रायफलीने शिकार करण्यास दीर्घकाळ मनाई होती, तेथील हरणांच्या शिकाऱ्यांनी हे शेवटचे मॉडेल विशेष जवळ केले.

संग्राहक या सर्व तपशिलांवर प्रेम करतो, आणि ते प्रेम खोटे नाही. पिळाच्या नळीसारखी युक्ती ज्याला सुंदर वाटत नाही, त्याला यंत्राचे सौंदर्य कळले असे म्हणता येणार नाही. परंतु या प्रेमाची परिभाषा तपासली की तिची मर्यादाही दिसते. संग्राहकाचे निकष तीन : दुर्मिळता, मूळ स्थिती आणि क्रमांकांचा मेळ. नळीवरची मूळ निळसर झिलई किती टिकली, दस्ता नंतर बदललेला तर नाही, यावर किंमत ठरते. म्हणजे जी रायफल कमीत कमी वापरली गेली ती सर्वांत मौल्यवान. शिकारीसाठी घडलेल्या वस्तूचे मूल्य तिने न केलेल्या शिकारीवरून ठरावे, हा विरोधाभास संग्राहकांच्या लेखनात फारसा चर्चिला जात नाही. मराठी शिकारलेखनात वापर आहे, वस्तू नाही. संग्राहकाच्या लेखनात वस्तू आहे, वापर नाही.

जिम कॉर्बेट हे या दोहोंच्या मधले उदाहरण होय. त्यांच्या 'जंगल लोअर' (१९५३) मध्ये बालपणीची एक नळी फाटलेली, तारेने बांधून वापरलेली ठासणीची बंदूक येते, ती एखाद्या पात्रासारखी. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा अंत केल्यानंतर १९०७ मध्ये संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन हेवेट यांनी त्यांना रिग्बी कंपनीची ०.२७५ बोअरची रायफल भेट दिली. त्या रायफलीचे मोल पुढे फार वाढले. येथे किंमत झिलईची नव्हती. ती दस्त्यावरच्या पट्टीतील मजकुराची आणि त्या पट्टीमागे उभ्या असलेल्या पुस्तकांची होती. साहित्याने वस्तूला मूल्य दिल्याचा याहून ठळक दाखला शोधावा लागेल. मराठीतील एकाही शिकारकथेने आपल्या बंदुकीला असे नाव दिलेले नाही.

याचे कारण प्रतिभेत शोधणे चुकीचे होईल. मराठी माणसाच्या हाती बंदूक आली ती मालमत्ता म्हणून नव्हे, परवानगी म्हणून. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगणे ही सरकारी मर्जीची बाब ठरवली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ०.४५० बोअरच्या रायफलींना हिंदुस्थानात बंदी झाली, कारण ती काडतुसे बंडखोरांच्या हाती असलेल्या जुन्या लष्करी बंदुकांना उपयोगी पडतील ही भीती. त्या बंदीमुळे इंग्लंडमधील कारागिरांनी ०.४७० सारखे नवे बोअर काढले. आज संग्राहक ज्यांचे कौतुक करतात ते हेच. वसाहतीच्या भयातून एक कारागिरी जन्मली, हे संग्रहसूचीत लिहिलेले नसते. पंप-ॲक्शन रायफल तर या व्यवस्थेत जवळजवळ परकीच राहिली. साहेबाची पसंती दोननळी आणि बोल्ट-ॲक्शनला. संस्थानिकाची पसंती साहेबाच्या पसंतीला.

हाती परवाना असलेला माणूस बंदुकीचा धनी असतो की राखणदार? मराठीत 'दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे' हा वाक्प्रचार रूढ आहे. स्वतःच्या खांद्यावरच्या बंदुकीसाठी तितका रुळलेला वाक्प्रचार चटकन आठवत नाही.

धाराशिव जिल्हा, म्हणजे २०२३ पूर्वीचा उस्मानाबाद, हैदराबाद संस्थानात होता. येथे बंदुकीची आठवण शिकारीपेक्षा सत्तेशी अधिक घट्ट जोडलेली आहे. रझाकारांच्या काळात गावोगावी हत्यार कोणाकडे आहे यावर जीव अवलंबून होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून शिरले ते नळदुर्गजवळ बोरी नदीवरील पूल ताब्यात घेऊन. अनंत भालेराव यांच्या 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' या ग्रंथाच्या वाचकाला या मुलखातील बंदूक म्हणजे छंद नव्हे, हे वेगळे सांगावे लागत नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) याच मुलखातले. त्यांचे धनेगाव आज लातूर जिल्ह्यात असले तरी १९८२ च्या विभाजनापूर्वी ते उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. त्या आत्मकथनात हत्यारबंद सत्ता बाहेरून घरात शिरते. तिच्या धन्याला नाव विचारण्याची सोय नसते.

शिकारीचे ज्ञानही येथे बंदुकीवाल्याकडे नव्हते. बालाघाटच्या माळावर काळवीट आणि तितर पकडण्याची कला फासेपारध्यांची. तिचे साधन फास. बंदूकधारी पाहुण्याला सावज दाखवणारा, माग काढणारा माणूस बहुधा याच समाजांतला असे, आणि शिकारकथेत त्याच्या वाट्याला दोन-चार ओळी येत. १८७१ च्या कायद्याने पुष्कळ भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय मात्र राहिला. जुन्या रायफलीचे जतन व्हावे असे म्हणणाऱ्याने पारध्याचा फास कोणत्या संग्रहालयात आहे, याचेही उत्तर द्यायला हवे.

या पार्श्वभूमीवर व्यंकटेश माडगूळकरांचे लेखन पुन्हा वाचण्यासारखे आहे. पूर्वायुष्यात शिकार केलेला हा लेखक पुढे बंदूक बाजूला ठेवून निरीक्षणाकडे वळला. 'नागझिरा' (१९७९) आणि 'सत्तांतर' (१९८२) ही त्या वळणाची फळे. समीक्षेने या परिवर्तनाचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. पण ते केवळ मनाचे परिवर्तन म्हणून वाचले गेले. बंदूक हातातून सुटते तेव्हा ती कोठे जाते, हा प्रश्न कोणी विचारला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा परवाना मुळातच आकुंचित केला होता, आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे दार जवळजवळ बंद केले. लेखकाच्या अंतःकरणातील बदल आणि राज्यव्यवस्थेतील बदल एकाच दशकाच्या आसपास घडतात, याकडे ललितगद्याच्या अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यायला हवे होते. मारुती चितमपल्ली यांच्या बाबतीत प्रश्न निराळा आहे. सोलापुरात जन्मलेला, वनखात्यात आयुष्य घालवलेला हा लेखक जंगलात शिरतो तो शिकारी म्हणून नव्हे, तर रक्षक म्हणून. त्यांच्या गद्याला बंदूक टाकून देण्याचा नाट्यक्षण लागत नाही, आणि म्हणूनच कदाचित माडगूळकरांच्या गद्यातली अपराधाची सूक्ष्म छटाही तेथे नाही.

सालिम अलींचा दाखला येथे टाळता येत नाही. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, त्या काळी हा जिल्हा ज्या राज्यात होता त्याच राज्याची. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे नमुने गोळा करण्याचे साधन बंदूक हेच होते. बंदुकीने केलेला तो संग्रह विज्ञानाचा ठेवा ठरला. बंदुकांचा संग्रह मात्र संशयाचा विषय ठरतो. हा भेद सर्वस्वी अन्यायाचा आहे असे नाही, पण तो तपासल्याविना स्वीकारला गेला आहे.

कायद्याची भाषा पाहिली तर ही अडचण अधिक उघड होते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ४५ जुनाट वा पुराणवस्तुमूल्य असलेल्या हत्याराला सूट देते. अट अशी की ते दुरुस्तीविना किंवा दुरुस्तीनंतरही चालण्याजोगे नसावे. पुरावस्तूंविषयीचा १९७२ चा कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला वारसा मानतो. 'मॉडेल १४' ची आरंभीची एखादी रायफल आज वयाने त्या मर्यादेपलीकडे गेलेली असते. पण तिचा खटका चालतो तोवर ती शस्त्र अधिनियमाच्या दृष्टीने जिवंत हत्यारच. तिला या कलमाची सूट हवी असेल, तर तिचे यंत्र कायमचे निकामी करावे लागते. पिळाची नळी राहते, तिचे काम संपते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली, आणि वारशाने आलेल्या बंदुकांनाही तीच मर्यादा लागू झाली. तिसरी बंदूक वर्षभरात पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती. २०२० च्या नियमदुरुस्तीने क्युरिओ या वर्गातील हत्यारे परवान्याविना बाळगण्यास मुभा दिली, वापरण्यास किंवा वाहून नेण्यास नाही. सार्वजनिक सुरक्षिततेच्या दृष्टीने यातील बरेचसे समर्थनीय आहे. मराठवाड्यातील सामाजिक वास्तव पाहता घरोघरी चालू हत्यारे असावीत, असे कोणी जबाबदार अभ्यासक म्हणणार नाही. आक्षेप आहे तो दुसऱ्याच गोष्टीला : जमा होणाऱ्या हत्यारासोबत त्याची हकीकत नोंदवण्याची आवश्यकता कोणालाच वाटली नाही.

परंड्याच्या किल्ल्यातील तोफा पाहायला सहली जातात. विजापूरची मुलूख-मैदान तोफ एकेकाळी याच किल्ल्यावर होती, हे येथे अभिमानाने सांगितले जाते. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयाने एका व्यक्तीच्या संग्रहातून सातवाहनकालीन जीवन उभे केले. फुटकी भाजलेली मातीसुद्धा इतिहास बोलते, हे लामतुरे यांनी या जिल्ह्याला दाखवून दिले. तोफ वारसा आणि खापर वारसा, तर आजोबांची बारा बोअर केवळ परवाना क्रमांक, ही विभागणी इतिहासाने केलेली नाही. तोफेने माणसे मारली म्हणून तिच्याकडे पाठ फिरवली जात नाही. मग माळावरचे माळढोक आणि काळवीट कोणत्या नळीने घटले, हे सांगणारी वस्तूही डोळ्यांसमोर असायला हरकत नसावी. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात हत्यारे आणि पेंढा भरलेली जनावरे एकाच छताखाली आहेत. पाहणाऱ्याला मात्र त्यांच्यातला संबंध वैभव म्हणून जाणवतो, व्यवहार म्हणून नाही.

२०२४ च्या अखेरीस टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ येडशी-रामलिंगघाटाच्या अभयारण्यात कॅमेऱ्यात दिसला आणि पुढे त्याला बेशुद्ध करून पकडण्यासाठी पथके फिरली. त्यांच्या हातची बंदूक भुलीचे इंजेक्शन फेकणारी होती. बार्शी-येडशी भागातील वृद्धांनी या निमित्ताने जुन्या शिकारींच्या गोष्टी सांगितल्या असतील, तर त्या लिहून घेण्याची वेळ अजून गेलेली नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी आणि इतिहास विभागांनी जमा झालेल्या प्रत्येक हत्याराविषयी घडणावळ, घरात आल्याचे साल, परवान्याचा प्रवास, हाकाऱ्याचे नाव आणि मारलेले जनावर एवढ्या पाच रकान्यांची नोंद ठेवली, तरी मराठी शिकारलेखनातील 'बंदूक' या एका शब्दामागे काय दडले आहे ते वाचता येऊ लागेल. चौथा रकाना भरणे सर्वांत अवघड जाईल.