धानरोवणीच्या शिफारशींतील लुप्त संकेतार्थ

वऱ्हाड हा कापूस-ज्वारीचा मुलूख. अमरावती जिल्ह्यात धान आढळते ते मुख्यतः मेळघाटात. तथापि भंडारा-गोंदिया-चंद्रपूरच्या धानकऱ्यास शास्त्रीय सल्ला मिळतो तो अकोल्याहून. कारण १९६९ साली तेथे स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठाच्या कक्षेत विदर्भाचे अकराही जिल्हे येतात. अशा सल्ल्याची वाक्यरचना चिकित्सेस पात्र आहे.

रोवणीविषयक शिफारशी सामान्यतः आज्ञार्थी असतात : रोपांत अमुक अंतर ठेवा, बांधीत तमुक खोल पाणी ठेवा. ही दोन विधाने निरनिराळ्या मथळ्यांखाली येतात आणि म्हणून परस्परनिरपेक्ष भासतात. वस्तुतः तशी ती नाहीत. २० × १५ सेंटिमीटर अंतरावर एका चौरस मीटरात सुमारे ३३ चूड बसतात. २५ × २५ वर केवळ १६. चौरस मीटरला ३३० लोंब्या अपेक्षिल्या, तर पहिल्या रोवणीत प्रत्येक चुडाला १० लोंब्या पुरतात. दुसरीत २० हून अधिक लागतात. ही तूट फुटव्यांनीच भरून निघावयाची असते. परंतु फुटवे बुडाशी निघतात आणि खोल पाण्यात त्यांची वाढ खुंटते. त्या काळात दोन ते पाच सेंटिमीटर पाणी असेल, तरच विरळ रोवणी फळास येते. आणि पाणी अगदीच हटले, तर मोकळ्या जागेचा लाभ तण घेते.

म्हणजे मूळ विधान ‘जर-तर’ असे संकेतार्थी आहे. त्याचे दोन आज्ञार्थ केले की अट नाहीशी होते. मादागास्करमध्ये १९८३ च्या सुमारास आँरी द लॉलानिए यांनी सिद्ध केलेल्या आणि पुढे ‘श्री’ म्हणून ओळखल्या गेलेल्या पद्धतीत कोवळे एकेरी रोप, मोठे अंतर व आळीपाळीने ओल-सुकवण ही अंगे एकत्र सांगितलेली आहेत. तिच्या विक्रमी उत्पन्नाच्या दाव्यांवर शास्त्रज्ञांनी २००४ साली कठोर आक्षेप घेतले, हे खरे. परंतु अंतर व पाणी यांची सांगड तिने सोडली नाही, हेही तितकेच खरे.

पूर्व विदर्भातील कोरडवाहू धानकरी पावसाच्या खंडाच्या भीतीने बांधीत पाणी अडवून ठेवतो. पाणी एका बांधीतून दुसरीत उतरत असल्यामुळे त्याची खोली सर्वस्वी त्याच्या हाती नसते. त्याने दाट रोवणी केली, तर त्यास अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. सल्ल्यातून गळलेली अट त्याने आपल्या बांधीत पाळलेली असते. ‘पाणी उथळ राखता येत असेल तर’ एवढे शब्द शिफारशीत परत आले, तर तिची शास्त्रीयता उणावणार नाही. उलट ती पूर्ण होईल.