अहमदनगरच्या किल्ल्यातील ग्रंथलेखन : गप्पा, समूहभाव आणि त्यांच्या मर्यादा

प्रस्तावना

तुरुंगातील लेखन म्हटले की कोठडीत एकटा बसून लिहिणारा लेखक डोळ्यांसमोर येतो. लोकमान्य टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडाले येथे लिहिलेले 'गीतारहस्य' हे या कल्पनेचे मराठीतील ठळक उदाहरण होय. परंतु तुरुंगातील लेखनाची दुसरीही एक परंपरा आहे. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात सहबंद्यांसमोर गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली आणि त्यातून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ सिद्ध झाला. येथे ग्रंथ जन्माला आला तो श्रोत्यांच्या सहवासात. १९४२ ते १९४५ या काळात अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यात झालेले लेखन या दुसऱ्या परंपरेशी अधिक जवळचे आहे. प्रस्तुत लेखात या लेखनाचा विचार एका लेखकसमूहाचे लेखन म्हणून केला आहे. समूहातील नित्याच्या गप्पांना ग्रंथात कोणते रूप मिळाले आणि त्या समूहभावाला कोणत्या मर्यादा होत्या, हे दोन प्रश्न येथे मध्यवर्ती आहेत.

बारा जणांची वसाहत

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत काँग्रेस नेत्यांना अटक झाली. गांधीजींना पुण्यास आगाखान पॅलेसमध्ये, तर कार्यकारिणीच्या सदस्यांना अहमदनगरला नेण्यात आले. मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफ अली, सय्यद महमूद, पट्टाभि सीतारामय्या, हरेकृष्ण महताब, प्रफुल्लचंद्र घोष आणि शंकरराव देव असे हे बारा जण होते. त्यांना कोठे ठेवले आहे हे सरकारने आरंभी जाहीर केले नाही. वर्तमानपत्रेही काही आठवडे मिळाली नाहीत. बाहेरचा संवाद तुटल्यामुळे आतला संवाद हीच एकमेव करमणूक आणि तोच एकमेव ग्रंथसंग्रह उरला.

या वसाहतीतून निर्माण झालेले लेखन विलक्षण आहे. नेहरूंचे 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इंग्रजीत, आझादांचे 'गुबार-ए-खातिर' उर्दूत, महताबांचा ओडिशाचा इतिहास ओडियात आणि सीतारामय्यांचे 'फेदर्स अँड स्टोन्स' इंग्रजीत अवतरले. नरेंद्र देवांनी 'अभिधर्मकोश' फ्रेंचवरून हिंदीत आणण्याचे काम येथेच केले. त्यांच्या मृत्यूनंतर १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या 'बौद्ध धर्म दर्शन' या ग्रंथाची पायाभरणीही येथलीच. लेखकांची प्रकृती, भाषा आणि विषय भिन्न असूनही हे सर्व लेखन एकाच आवारात, एकाच काळात झाले.

गप्पांचे इतिहासात विसर्जन

'डिस्कव्हरी' एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत लिहिले गेले आणि १९४६ साली प्रसिद्ध झाले. नेहरूंनी ते किल्ल्यातील सहकाऱ्यांना व सहबंद्यांना अर्पण केले. प्रस्तावनेत त्यांनी या सहवासाचे ऋण मोकळेपणाने मान्य केले असून आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांचा विशेष निर्देश केला आहे. संस्कृत, पाली, अरबी, फारसी या अभिजात भाषांचे जाणकार आणि अनेक आधुनिक भारतीय भाषांचे प्रतिनिधी एकत्र असल्यामुळे संदर्भग्रंथांची उणीव संभाषणाने काही अंशी भरून निघाली.

या ग्रंथाच्या रचनेतील अनेक गुणदोषांचे मूळ येथे सापडते. एका विषयावरून दुसऱ्यावर सहज जाणारी मांडणी, मध्येच येणारे वैयक्तिक चिंतन, एखाद्या तपशिलाने लांबवलेले प्रकरण ही शिस्तबद्ध इतिहासलेखनाची लक्षणे नव्हेत. ती बैठकीतील चर्चेची लक्षणे होत. इतिहासकाराला ती शिथिल वाटतील, परंतु वाचकाला ग्रंथात गुंतवून ठेवते ती हीच लय. मात्र नेहरू चर्चेचा निष्कर्ष घेतात आणि चर्चा पुसून टाकतात. कोणता विचार कोणाच्या तोंडून आला, त्याला कोणी विरोध केला, हे ग्रंथात सहसा दिसत नाही. बारा जणांचा संवाद एका आवाजात विरघळून जातो.

स्थळाचा संस्कार मात्र स्पष्ट राहतो. ग्रंथाच्या आरंभीच किल्ल्यातील बागकामाचे वर्णन येते. माती खणताना जुन्या बांधकामाचे अवशेष हाती लागतात, चांदबिबीचे स्मरण होते आणि वर्तमानाखाली दडलेला भूतकाळ उकरण्याची प्रतिमा तयार होते. संपूर्ण ग्रंथाची कल्पना नगरच्या या मातीतून उगवलेली आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

गप्पांचे कलारूप

आझादांची रीत निराळी आहे. 'गुबार-ए-खातिर'मधील बहुतेक पत्रे किल्ल्यात लिहिली गेली. ती हबीबुर रहमान खान शेरवानी या मित्राला उद्देशून असली तरी टपालात पडली नाहीत. समोर अकरा माणसे असताना लेखक दूरच्या मित्राशी बोलतो, ही या पुस्तकातील मूलभूत विसंगती आहे आणि त्याचे सौंदर्यही तीतच आहे. दुधाविना चहाचा आग्रह, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांशी झालेली लढाई आणि मग मैत्री, सय्यद महमूद यांचा पक्ष्यांना चारा घालण्याचा नेम, असे क्षुल्लक वाटणारे विषय तेथे ललितगद्याचे विषय होतात.

टोपणनावाचा प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. तुरुंगाच्या अधीक्षकाला आझादांनी चांदबिबीच्या काळातील इतिहासातून उचललेले 'चीताखान' हे नाव दिले आणि ते वसाहतीत रूढ झाले. सत्ता ज्याच्या हाती त्याला आपल्या भाषेत नाव देणे हा बंदिवानांचा छोटासा विजय होता. स्थानिक गप्पा समूहाला बांधतात त्या अशाच. आतल्यांना कळणारा आणि बाहेरच्याला न कळणारा एक शब्द पुरेसा होतो.

याच पुस्तकात समूहभावाची कसोटी पाहणारे पत्रही आहे. ९ एप्रिल १९४३ रोजी आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यास निवर्तल्या. त्यांच्या आजारपणात सरकारकडे काही मागणे करावे का, याविषयी नेहरू आझादांशी बोलले. आझादांनी नकार दिला आणि सहकाऱ्यांनी तो मानला. गप्पांनी भरलेल्या या पुस्तकात खरी जवळीक व्यक्त होते ती या न बोलण्यातून.

गप्पांची कच्ची नोंद

सीतारामय्यांचे 'फेदर्स अँड स्टोन्स' वाङ्मयीन गुणांत वरील दोन ग्रंथांच्या बरोबरीचे नाही. ती रोजनिशीच्या वळणाची, विस्कळीत टिपणे आहेत. परंतु नेहरूंनी जे विरघळवले आणि आझादांनी जे घडवले, ते येथे पुष्कळसे कच्च्या रूपात राहिले आहे. पटेलांसारख्या, ग्रंथ न लिहिणाऱ्या पण बोलण्यात तरबेज असलेल्या व्यक्तीचा वाटा अशा नोंदींशिवाय हरवतो. १९३२ च्या येरवड्यातील पटेलांचा विनोद महादेव देसाईंच्या डायरीमुळेच आज माहीत आहे. लेखकसमूहात लिहिणाऱ्यांइतकेच बोलणारेही महत्त्वाचे असतात. समीक्षेने दुय्यम मानलेले पुस्तक या अर्थाने अधिक विश्वसनीय साक्षीदार ठरते.

समूहभावाच्या मर्यादा

या समूहाचे चित्र एकसंध स्नेहाचे रंगवणे मात्र चुकीचे होईल. 'छोडो भारत' ठरावाच्या योग्यतेविषयी या मंडळींत मतभेद होते आणि दीर्घ सहवासाने ते तीव्र झाले. नेहरूंच्या तुरुंगातील रोजनिशीत हा ताण उमटलेला आहे. सय्यद महमूद यांनी सहकाऱ्यांना न सांगता व्हाइसरॉयना पत्र लिहिले आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांची सुटका झाली, तेव्हा समूहाला मोठा धक्का बसला. प्रसिद्धीसाठी सिद्ध झालेल्या 'डिस्कव्हरी'त या वादांना स्थान नाही. समूहभाव जसा लेखनाला बळ देतो तसा तो मौनही लादतो.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. या सहवासात भारताचे प्रतिनिधिक दर्शन घडले, अशी नेहरूंची धारणा होती. भाषा आणि प्रांत यांपुरती ती खरी आहे. परंतु या बारा जणांत एकही स्त्री नव्हती आणि एकही दलित नव्हता. त्याच काळात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते आणि त्यांची काँग्रेसविषयीची भूमिका कठोर टीकेची होती. तो आवाज या बैठकीत असता, तर जातिव्यवस्थेवरील विवेचन असेच राहिले असते का, हा प्रश्न टाळता येत नाही. 'विविधतेतील एकता' या सूत्रामागे एका ठरावीक बैठकीचा अनुभव आहे, हे ध्यानात घेतल्यास त्याचे सामर्थ्य आणि अपुरेपण दोन्ही उमगतात.

तिसरी मर्यादा स्थानिकतेची. तटाबाहेर नगर शहर नांदत होते. पण हे शहर निजामशाहीच्या स्मृतीपुरतेच ग्रंथांत येते. इतिहासातले नगर आत पोहोचले, वर्तमानातले नाही. याचा दोष लेखकांपेक्षा भिंतींचा आहे. तरीही परिणाम ग्रंथांवर झालाच.

समारोप

याच जिल्ह्यात नेवासे येथे १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ती सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली आणि श्रोत्यांना उद्देशून केलेली विनवणी तिच्यात अखेरपर्यंत जागी राहिली. ऐकणाऱ्याला ग्रंथात जागा देणारी ही परंपरा किल्ल्यातील लेखनाचे मूल्यमापन करण्यास उपयुक्त आहे. या निकषावर नेहरूंनी श्रोत्यांचे ऋण मानले पण त्यांचे आवाज पुसले. आझादांनी ते आवाज कलेत रूपांतरित केले. सीतारामय्यांनी ते ओबडधोबडपणे टिपून ठेवले. तिन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले, तरच त्या बैठकीचे पूर्ण चित्र उभे राहते. अभ्यासक्रमात ते इतिहास, उर्दू आणि राज्यशास्त्र अशा वेगवेगळ्या कप्प्यांत विभागले गेल्याने हे चित्र तुटते. ज्या जिल्ह्यात ते लिहिले गेले तेथील महाविद्यालयांनी त्यांचे एकत्रित वाचन हाती घेणे अधिक उचित ठरेल. एकमेकांशी बोलत लिहिल्या गेलेल्या या ग्रंथांना अभ्यासातही पुन्हा परस्परांशी बोलू दिले पाहिजे.